आक्कांचे चार सिनेमे



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली, पण पाऊस काही थांबेना. मग वेळ काढायला आम्ही विचारलं, "प्रत्येकीनं आपला आवडता सिनेमा सांगा बघू." बहुतेकींचं उत्तर एकच आलं, "घरात जो लागंल तो बघायचा." टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात असतो, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या आक्कांनी मात्र बोटांवर मोजून चार नावं घेतली.

आक्का सत्तरीच्या पुढच्या. जत्रेतल्या तंबूत सिनेमे बघत मोठ्या झालेल्या. त्यांच्या यादीतला पहिला सिनेमा तर त्यांनी बघितलेलाच नाही! आजोबांच्या तोंडून ऐकलेला तो 'सावकारी पाश'.

हा मूकपट १९२५ साली आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी काढला. बाबूराव मूळचे मेस्त्री, हातात कला. भाऊ आनंदराव यांच्यासोबत त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. मग शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन बाबूरावांनी तो पुरा केला. पण कंपनी काढायला पैसा कुठला? तो दिला गायिका तानीबाई कागलकर यांनी. आपण रोज भांडवल, भांडवल म्हणतो. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती एका बाईच्या पैशावर, हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

'सावकारी पाश'ची गोष्ट आपल्याच शिवारातली. सावकार खोट्या कागदावर शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात मजुरीला जातो. त्या तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. देवादिकांच्या गोष्टींचा तो काळ. त्यात कर्जाची गोष्ट पडद्यावर आणणं सोपं नव्हतं. १९३६ साली बाबूरावांनी हाच सिनेमा बोलपट म्हणून पुन्हा काढला.

दुसरा सिनेमा 'कुंकू', १९३७ सालचा. हा प्रभात कंपनीचा. प्रभात १९२९ साली कोल्हापुरातच निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. 'कुंकू'तल्या नीराला फसवून तिचं लग्न म्हाताऱ्या विधुराशी लावतात. ती रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं त्याच घरात राहून सांगते. हे काम शांता आपटे यांनी केलं. त्या विधुराच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं. पुढं खऱ्या आयुष्यातही त्यांनी कुटुंबनियोजनाचं मोठं काम केलं.

तिसरा 'मंथन', १९७६ सालचा, श्याम बेनेगल यांचा. हिंदी आहे, पण दुधाचा आहे, म्हणून आपल्याला लगेच कळतो. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो काढला. थेंबे थेंबे तळे साचे, ते हे असं! यात स्मिता पाटील बिंदू झाली आहे. दूध संस्था मोडू पाहणारा खासगी डेअरीवाला तिचा अंगठा एका कागदावर घेतो. तिला वाचता येत नाही. त्या कागदाच्या जोरावर एका भल्या माणसावर बलात्काराचा खोटा आरोप होतो.

चौथा 'उंबरठा', १९८२ सालचा, जब्बार पटेल यांचा. यातही स्मिता पाटीलच. घर सोडून ती स्त्रियांच्या आश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. तिथला गैरकारभार तिला बघवत नाही. आक्का म्हणतात, "ही बाई चुकती, हरती, पण सही स्वतःच्या मनानं करती."

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. आक्कांच्या चारही सिनेमांत एकच प्रश्न आहे. बाईच्या, गरिबाच्या नावानं व्यवहार होतो, पण त्याला तिची समजून-उमजून संमती असते का?

आम्ही 'मंथन' समाज मंदिरात सगळ्यांनी मिळून बघितला. अंगठ्याचा प्रसंग आला तशी आमची एक वहिनी उठून बाहेर गेली. सिनेमा संपल्यावर तिनं सांगितलं. नात्यातल्या एकीनं एका खासगी फायनान्सचं कर्ज काढलं होतं आणि, "नुसती साक्षीदार म्हणून सही कर," असं सांगून हिची सही घेतली होती. आता हप्ते थकले होते आणि वसुलीवाले हिच्या दारात येत होते. घरात काहीच माहीत नव्हतं. आम्ही तो कागद मागवून मोठ्यानं वाचला. त्यावर साक्षीदार नव्हतं, जामीनदार होतं.

मैत्रिणींनो, हा फरक पाठ करा. साक्षीदार फक्त एवढंच सांगतो की सही माझ्यासमोर झाली. जामीनदार मात्र कर्जदारानं पैसे भरले नाहीत तर स्वतः देणं लागतो. छोटी कर्जं देणाऱ्यांनी कर्जाची माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ सालापासूनचा नियम आहे. तेव्हा मराठीत कागद मागायला लाजू नका.

त्या वहिनीचं देणं काही माफ झालं नाही. कर्ज काढणारीला आम्ही बैठकीला बोलावलं आणि तिच्याकडून हप्ते सुरू करून घेतले. वहिनीनं घरात सगळं सांगितलं. सांगताना सोबत आक्का होत्या. आणि गटाच्या वहीत ठराव झाला की कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तो दोघींनी मोठ्यानं वाचायचा.

हे सगळं एका आवडत्या सिनेमाच्या प्रश्नातून निघालं. मनोरंजन म्हणून बघाच, पण बघून झाल्यावर अर्धा तास बसून बोला. यात आपल्या घरातलं काय दिसलं, असं एकमेकींना विचारा. कुणी गप्प बसली, तर तिला घाई करू नका.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की तुम्हीही हा प्रश्न विचारून बघा. आणि "घरात लागंल तो" हे उत्तर चालणार नाही, असं आधीच सांगून ठेवा!