वजनाची वंशावळ

निजामशाहीच्या राजधानीत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, इ. स. १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतलेली मुलूखमैदान तोफ पुढे विजापूरच्या बुरुजावर जाऊन बसली. सुमारे ५५ टन वजनाचे ते धूड मुक्कामाला पोहोचविण्यासाठी शेकडो बैल आणि शिवाय हत्ती जुंपावे लागले, असे परंपरा सांगते. शस्त्राला सामर्थ्य वजनाने येते आणि त्याची गतीही वजनानेच जाते, हा पेच सोळाव्या शतकातील तोफखान्याच्या दारोग्याला जितका ठाऊक होता तितकाच तो आजच्या वाहन-अभियंत्यालाही ठाऊक आहे. तो पेच पिढ्यान्‌पिढ्या कसा वाढत गेला, आणि क्वचित कसा सैल करण्यात आला, हे पाहावयाचे असेल तर अहिल्यानगरसारखे दुसरे ठिकाण नाही. कारण चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला येथेच आहे, आणि १९९४ साली उघडलेल्या येथील रणगाडा संग्रहालयात गेल्या शतकातील नाना देशांचे रणगाडे एकाच आवारात मांडलेले आहेत.

त्या गर्दीत दोन जपानी रणगाडे आहेत. ब्रिटिश चर्चिल किंवा सेंच्युरियन यांच्यासमोर ते इतके किरकोळ दिसतात की घाईतील प्रेक्षक त्यांच्यापाशी फारसा थांबत नाही; परंतु आपल्या विषयाचा सारा तपशील त्यांच्यातच साठविलेला आहे. पहिला १९३५ सालचा ‘हा-गो’, आणि दुसरा १९३७ सालचा ‘ची-हा’. हा-गोची लांबी ४.३८ मीटर, रुंदी २.०६ मीटर, उंची २.१८ मीटर आणि वजन अवघे ७.४ टन; मालमोटारींतून जाणाऱ्या पायदळाबरोबर ताशी ४० किलोमीटर वेगाने धावता यावे, ही त्याच्याकडून मुख्य अपेक्षा होती. ची-हा लांबीला साडेपाच मीटर, रुंदीला २.३३ मीटर, उंचीला २.२३ मीटर, आणि वजन सुमारे १५ टन.

आता या आकड्यांचा हिशेब मांडून पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून दोहोंचे ढोबळ घनफळ काढले तर ची-हाचे घनफळ हा-गोच्या दीडपटीलाही पोहोचत नाही. वजन मात्र दुपटीवर गेलेले आहे. म्हणजे यंत्र केवळ मोठे झाले नाही, तर घनही झाले. याचे कारण चिलखतात आहे. हा-गोच्या अंगावरील पोलादी पत्रा जाडीत जाड १२ मिलिमीटरांचा, तर ची-हाचा सुमारे २५ मिलिमीटरांचा. पत्र्याचे वजन त्याचे क्षेत्रफळ आणि जाडी यांच्या गुणाकाराने ठरते. क्षेत्रफळ थोडे वाढले आणि जाडी दुप्पट झाली की वजन कोठे जाऊन पोहोचते, हे सांगण्यास गणितज्ञाची गरज नाही. आणि इंजिन? हा-गोचे १२० अश्वशक्तीचे, ची-हाचे १७० अश्वशक्तीचे. दर टनामागे पहिल्याला सोळा अश्वशक्ती लाभत होती, दुसऱ्याला जेमतेम अकरा. संरक्षण दुणावले, पण त्याची किंमत चपळाईतून वसूल झाली.

ही किंमत पुन्हा भरून काढावयाची तर मोठे इंजिन हवे. मोठे इंजिन आले की त्याला जागा आणि इंधन अधिक, म्हणून सांगाडा लांब. सांगाडा लांबला की त्याला झाकण्यास चिलखतही अधिक, आणि त्या साऱ्याचा भार वाहण्यास पट्टे, चाके व ब्रेक दणकट हवेत. संसारात एक पाहुणा वाढला म्हणून भांडी, अंथरुणे आणि अखेर खोली वाढवावी लागावी, तशी ही परंपरा आहे. याच संग्रहालयातील अमेरिकन स्टुअर्ट सुमारे १३ टनांचा, आणि सेंच्युरियन ५१ टनांचा. चेन्नईजवळील आवडी येथील कारखान्यात १९६५ पासून तयार झालेला ‘विजयंता’ ३९ टनांवर राखण्यात आला होता. पण त्यानंतरचा स्वदेशी ‘अर्जुन’ ५८.५ टनांवर गेला आणि त्याची सुधारलेली ‘मार्क १-ए’ आवृत्ती ६८ टनांना पोहोचली.

हा नियम केवळ युद्धयंत्रांचा असता तर वृत्तपत्राच्या वाचकाने त्यात एवढे मन घालण्याचे कारण नव्हते. परंतु रस्त्यावरील मोटारीही त्याच वाटेने गेलेल्या आहेत, आणि निव्वळ चपळाईसाठी जन्मास आलेली क्रीडा-मोटारदेखील तिला अपवाद नाही. जपानच्याच निस्सानची १९६९ सालची ‘फेअरलेडी झी’ सुमारे एक टनाची होती, तिच्या आजच्या वारसाचे वजन दीड टनाच्या पुढे गेले आहे. म्हणूनच माझ्दा कंपनीच्या ‘एमएक्स-५’ या दोन आसनी उघड्या मोटारीची वंशावळ बारकाईने वाचण्याजोगी ठरते. १९८९ साली अवतरलेल्या तिच्या पहिल्या पिढीचे इंजिन जपानी आवृत्तीत १.६ लिटरचे आणि १२० अश्वशक्तीचे होते. योगायोग असा की हा-गोच्या १४ लिटरांहून मोठ्या डिझेल इंजिनाचे बळही नेमके तेवढेच. मात्र ते ७.४ टन ओढीत होते, आणि हे ९४० किलो. चालकाच्या हाताला जाणवणारे सुख त्या भागाकारातून येत होते.

पहिल्या पिढीची लांबी ३.९७ मीटर आणि रुंदी १.६७५ मीटर. दुसऱ्या पिढीत मापे जवळपास तीच राहिली, तरी वजन वाढू लागले. २००५ साली आलेल्या तिसऱ्या पिढीत पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर २.२६५ मीटरांवरून २.३३ मीटरांवर गेले, रुंदी १.७२ मीटर झाली, जपानी आवृत्तीत इंजिन दोन लिटरचे आले आणि वजन ११०० किलोच्या घरात जाऊन बसले. या वाढीला कोणा एकाचा अविवेक कारण नव्हता. अपघातात प्रवासी वाचावेत म्हणून दारांतून पोलादी तुळ्या आणि हवेच्या पिशव्या आल्या. धूर शुद्ध करण्याची उपकरणे आली. वाढलेल्या बळाला थोपविण्यास मोठे ब्रेक आणि रुंद टायर आले. प्रत्येक भर स्वतंत्रपणे समर्थनीय होती. फक्त त्या सर्वांची बेरीज करून जाब विचारणारा कोणी नसला की मोटार स्थूल होते.

चौथ्या पिढीत, २०१५ साली, असा जाब विचारला गेला. तिची लांबी ३.९१५ मीटर, म्हणजे चारही पिढ्यांत सर्वांत कमी, रुंदी १.७३५ मीटर असूनही जपानमधील मूळ आवृत्तीचे वजन ९९० किलो. पुढचे झाकण, मागचे झाकण आणि पुढच्या चाकांवरील पत्रे ॲल्युमिनियमचे केले, सांगाड्यात अधिक मजबूत पोलाद वापरून पत्रा पातळ ठेवला, आणि जपानी आवृत्तीसाठी इंजिन दीड लिटरचे, म्हणजे पहिल्या पिढीहूनही लहान, पत्करले. तिसऱ्या पिढीत प्रत्येक चाकाला पाच नट होते, ते चारवर आणले. कारण मोटारच हलकी झाल्यावर पाचव्या नटाला काम उरले नव्हते. या शेवटच्या तपशिलात सारे शास्त्र आहे: ज्या साखळीने भार वाढतो त्याच साखळीने तो उतरतोही, मात्र तिचे पहिले टोक कोणी तरी निश्चयाने ओढावे लागते.

असा निश्चय बहुधा बाहेरील मर्यादेमुळे होतो. जपानचा १९९० सालचा रणगाडा ५० टनांचा झाला, आणि तो प्रामुख्याने उत्तरेकडील होक्काइडो बेटावरच ठेवावा लागला, कारण इतर मुख्य बेटांवरील रस्ते आणि पूल एवढ्या भाराला सोयीचे नव्हते. म्हणून २०१२ पासून सेवेत आलेला त्याचा वारस ४४ टनांवर आणून, त्याचे चिलखत गरजेप्रमाणे चढविता-उतरविता येईल अशी तजवीज करण्यात आली. आपल्याकडे हीच मर्यादा हिमालयाने घातली. १९४८ च्या नोव्हेंबरात झोजी खिंडीत सातव्या कॅव्हलरीचे हलके स्टुअर्ट चढले होते. २०२० नंतर लडाखच्या सीमेवर हलक्या रणगाड्याची निकड पुन्हा भासली, आणि २०२४ साली हजिरा येथे दाखविण्यात आलेला ‘जोरावर’ २५ टनांचा, म्हणजे अर्जुनच्या निम्म्याहून कमी वजनाचा, निघाला.

सामान्य ग्राहकाच्या मोटारीपुढे मात्र असा पूल किंवा अशी खिंड आडवी येत नाही. त्यामुळे तिच्या वाढीला लगाम घालणारा दुसरा कोणी नसून तो ग्राहकच आहे. प्रत्येक सिग्नलला थांबून पुन्हा सुटताना जास्तीच्या किलोंना नव्याने गती द्यावी लागते आणि त्याचे पैसे पेट्रोल पंपावर त्यालाच मोजावे लागतात. आर. टी. ओ.कडून मिळालेल्या आर. सी. पुस्तकावर रिकाम्या वाहनाचे वजन नोंदविलेले असते. एखाद्या घरी मारुती ८०० चे जुने पुस्तक जपून ठेवलेले असेल तर त्यावरील साधारण साडेसहाशे किलोंचा आकडा आपल्या नव्या मोटारीच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा, आणि वाढलेल्या भारापैकी सुरक्षिततेपोटी किती आला व निव्वळ थाटामाटापोटी किती, हा प्रश्न पुढची मोटार घेण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावा.