बाळंतपणाची पूर्वतयारी आणि प्रसूतिस्थळाची निवड

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत मराठी मुलखात बहुतेक समाजांत रूढ आहे. त्यामुळे प्रसूतीचे ठिकाण बहुधा कोणी निवडत नाही, ते रिवाजानेच ठरलेले असते. इंदूरला नांदणारी मुलगी सातव्या महिन्यात जळगावकडच्या माहेरी येते, बेळगावची चंदगडला जाते. आईचा हात आणि विश्रांती हे लाभ मोठेच आहेत. मात्र ज्या डॉक्टरांनी आजवर तपासले ते मागे राहतात, आणि माता व बाल संरक्षण कार्ड सासरीच विसरले तर रक्तगट, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांची नोंद नव्या गावी कोणाजवळच नसते.

प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव उपचाराअभावी साधारणतः २ तासांत जीव घेऊ शकतो. तो कोणाला होईल हे आधी निश्चित सांगता येत नाही. सर्व तपासण्या व्यवस्थित असलेल्या स्त्रीलाही तो होतो. म्हणून प्रसूतिस्थळ ठरविताना खरा प्रश्न एकच : रात्री दोन वाजता रक्त आणि शस्त्रक्रिया किती वेळात मिळेल?

थॅडियस व मेन या अभ्यासकांनी १९९४ साली मातामृत्यूमागील तीन विलंब मांडले : निर्णय घेण्यातील, पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील. यांपैकी पहिला विलंब घरातच घडतो. नवरा परगावी, सासरे बाहेर गेलेले आणि ‘ते आले की बघू’ यात मोलाचा तास जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील ३८.७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झाले. तथापि दवाखान्याच्या पाटीमागे सर्व सोयी असतीलच असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी प्रसूती होते. सिझेरियन वा रक्त यांसाठी पुढे पाठवावे लागते. तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रियागृह असले तरी भूलतज्ज्ञ रोज असेलच असे नाही. ही चौकशी आधीच करावी, त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

खासगी रुग्णालयाकडे ओढा असणाऱ्यांनी आणखी एक आकडा ध्यानात घ्यावा. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात खासगी संस्थांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, शासकीय संस्थांत १४.३ टक्के. हा फरक केवळ गुंतागुंतीच्या प्रकरणांमुळे पडला असे मानणे कठीण आहे. जून २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय संस्थेत प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, आहार आणि जाण्या-येण्याचे वाहन विनामूल्य आहे. अनेक सुशिक्षित कुटुंबांनाही हे ठाऊक नसते.

पडदा पाळणाऱ्या घरांत स्त्री डॉक्टर आहे काय, हा प्रश्न निर्णायक ठरतो आणि तो रास्तही आहे. फक्त तो कळा सुरू झाल्यावर विचारला जाऊ नये. शासकीय रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी जवळची एक स्त्री सोबत ठेवण्यास केंद्र शासनाने २०१६ मध्ये मान्यता दिली आहे.

महाविद्यालयात शिकणाऱ्या विवाहित मुलींना एवढे तरी सांगता येईल : सातवा महिना संपण्यापूर्वी कार्डासोबत एक चिठ्ठी ठेवावी. तीत जवळचे केंद्र, शस्त्रक्रियेचे रुग्णालय, वाहनासाठी १०८ व एका खासगी गाडीवाल्याचा क्रमांक, रक्त देऊ शकणारे दोन नातेवाईक आणि घरात कोणी नसताना निर्णय घेण्याची मुभा कोणाला आहे, त्या व्यक्तीचे नाव असावे.