कार्डाचं बटण आणि ४८ तास

बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘कार्ड’ या भागात शिरलं की एकाखाली एक बटणं दिसतात. एटीएम, दुकानातलं स्वाइप मशीन, ऑनलाइन, टॅप करून पैसे देणं, आणि परदेशातल्या व्यवहारांसाठी पुन्हा तीच यादी. प्रत्येकासमोर मर्यादेची रक्कम. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने ही सोय बँकांना सक्तीची केली. कार्डाचा नंबर चोराच्या हाती लागला तरी त्याला खरेदी करता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. जुगाराचा विचार त्यात नव्हता. पण बँकेतून निवृत्त झाल्यावर नेरुळच्या आमच्या सोसायटीत मी ही बटणं जास्त करून जुगारासाठीच हाताळली आहेत.

परवा महापेच्या आयटी कंपनीत नोकरी करणारा भाचा आला होता. आयपीएलच्या मोसमात लागलेला नाद. फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाला, “मामा, फक्त जुगारापुरतंच बंद करता येतं का?”

त्याच्या बँकेत नाही, माझ्याही नाही. तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे म्हणून नव्हे. कार्डावर पैसे घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला चार आकडी संकेतांक असतो आणि जुगाराचा आहे ७९९५. ब्रिटनमध्ये मोन्झो या बँकेने २०१८ मध्येच ग्राहकाला त्या संकेतांकावर फुली मारायचं बटण दिलं. आपल्याकडची बटणं पैसे कुठे आणि कोणत्या मार्गाने जातात ते पाहतात, कशासाठी जातात ते नाही.

मग मिळेल ते बंद करायचं. परदेशी व्यवहार बंद, ऑनलाइन बंद, क्रेडिट कार्डाची मर्यादा खाली. ‘खात्री आहे?’ असं अ‍ॅपने विचारलं, त्याने ‘हो’ दाबलं, हिरवं बटण करडं झालं. लगेच त्याने मला उलटंही करून दाखवलं. ओटीपी आला, टाकला, बटण पुन्हा हिरवं. घोटभर पाणी प्यायलाही याहून जास्त वेळ लागतो.

खरी मेख इथे आहे. चोर बाहेरचा असेल तर झटकन उघडणारं बटण मालकाच्या सोयीचं. रात्री साडेअकराला हरलेले पैसे वसूल करायला निघालेला माणूस मालकच असतो, ओटीपीही त्याच्याच फोनवर येतो. मोन्झोमध्ये बंदी उठवायची तर आधी बँकेच्या माणसाशी बोलावं लागतं आणि मग ४८ तास थांबावं लागतं. मटक्यालासुद्धा निदान ओपन आणि क्लोजच्या मधला वेळ होता. आकडा लावायला उठून टपरीपर्यंत जावं लागे.

“पण आता कायद्यानेच बंद आहे ना?” बहीण आतून म्हणाली. आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या विधेयकावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. अशा खेळांचे पैसे पुढे पाठवायला बँकांनाही मनाई आहे. ड्रीम११ सारख्या अ‍ॅपनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. भाचा मात्र टेलिग्रामवरच्या कुणाच्या तरी सट्ट्याच्या ‘आयडी’वर गेला. तिथे पैसे जातात यूपीआयने, भाड्याने घेतलेल्या कुणाच्या तरी बचत खात्यात. बँकेला दिसतं ते एवढंच की एका माणसाने दुसऱ्याला दोन हजार दिले. तिथे ७९९५ ची फुलीही कामाची नाही, आणि यूपीआय थेट खात्यातून पैसे उचलतं, त्यामुळे कार्डाची बटणंही नाहीत.

म्हणून शेवटी खात्यालाच हात घातला. पगाराच्या खात्यावरचं यूपीआय रद्द केलं, ऑटोपेचे मॅन्डेट एकेक करून काढले. यूपीआय पुन्हा जोडायला काही मिनिटं पुरतात, पण नव्याने जोडल्यावर पहिले चोवीस तास पाच हजारांचीच मर्यादा असते. आपल्या व्यवस्थेत सापडलेला उसंतीचा हा एकच तुकडा. डेबिट कार्ड बहिणीच्या कपाटात ठेवूनही भागत नाही, कारण यूपीआयचा पिन आधारच्या ओटीपीवरही बनवता येतो. त्यामुळे पगाराच्या दुसऱ्याच दिवशी मोठी रक्कम स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने बहिणीच्या खात्यात जाईल, अशी सोय केली. भाच्याकडे महिन्याच्या खर्चापुरतं वेगळं खातं. बहिणीला यूपीआय वापरता येत नाही, हेच आमचं सगळ्यात भक्कम कुलूप. जेवण मागवता येत नाही, रिचार्ज होत नाही, अशी कुरकुर पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. होऊ दे.

सूचना देऊन इन्स्ट्रक्शन तोही थांबवू शकतो, हे मला ठाऊक आहे. बँकांनी बटण चालू करण्याआधी ४८ तासांची वाट ऐच्छिक ठेवली, आणि तीच यूपीआयलाही लावली, तर एवढ्या कसरतीची गरज उरणार नाही. २०२० ची बटणं सक्तीची होऊ शकली, तर हेही होऊ शकतं. रिझर्व्ह बँकेचं कार्यालय बेलापूरला आहे, नेरुळहून दोन स्टेशनं. मी अर्ज लिहायला घेतलाय. तुम्हीही आपापल्या बँकेला लिहा. तोवर घरात कुणाला हा नाद असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.