पेणचे सेझविषयक मतदान
रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) होणाऱ्या भूसंपादनाविषयी शासनाने २१ सप्टेंबर २००८ रोजी घेतलेले मतदान. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर उरण, पनवेल व पेण तालुक्यांत महामुंबई सेझ योजण्यात आले. ही गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात असल्याने शेतकऱ्यांनी जमिनी देण्यास विरोध केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील चरीचा शेतकरी संप (१९३३–३९) याच जिल्ह्यातला. तो खोती मोडण्यासाठी होता; १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली. पेणचा लढा मात्र हाती असलेली जमीन राखण्यासाठी, म्हणजे वृत्तीने रक्षणशील होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात खातेदारांच्या संमतीची अट नसल्याने मतदानाचा कौल शासनावर बंधनकारक नव्हता. तथापि प्रकल्प या जमिनींवर उभा राहिला नाही. देशात ठिकठिकाणी झालेल्या अशा विरोधानंतर संसदेने २०१३ मध्ये नवा कायदा करून खाजगी कंपन्यांसाठीच्या भूसंपादनास ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरविली. जुने राखू पाहणाऱ्या लोकचळवळीही अशा रीतीने संसदीय सुधारणेस कारणीभूत होतात.