धुऱ्याची मोजणी : लेझर किती खरा, नवी चिप काय बदलणार?

अमरावती/अकोला : मोजणीची तारीख आली की धुऱ्यावर दोन्हीकडची माणसं जमतात. तिपाईवर मशीन, समोर काठीला लावलेला प्रिझम. ही ईटीएस मशीन. आता उपग्रहाचा सिग्नल घेणारा रोव्हरही येतो, पण दाट झाडाखाली तो अडखळतो. तिथं ईटीएसच कामी येते.

आजोबांच्या काळी 33 फुटी साखळी होती. 33 बाय 33 फूट म्हणजे गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे एकर. साखळी झोळली की माप चुकलंच.

ईटीएस प्रकाशानं मोजते. 100 मीटरवरच्या प्रिझमला लागून परत यायला प्रकाशाला सेकंदाचा 15 लाखावा भाग पुरतो. एक मिलिमीटरचा फरक पकडायचा तर त्याचाही लाखावा भाग ओळखावा लागतो! म्हणून मशीन प्रकाश लाटांसारखा कमी-जास्त करून सोडते आणि परत आलेली लाट किती सरकली ते बघते. चांगल्या मशीनची चूक दोन-तीन मिलिमीटर.

ऊनही माप बदलवतं. मशीनमध्ये 15 अंश तापमान भरलेलं आणि अकोल्यात मे महिन्याचे 45 अंश, तर किलोमीटरमागे सुमारे 3 सेंटिमीटरची चूक. 200 मीटरच्या धुऱ्यावर 6 मिलिमीटर.

आता शास्त्रज्ञ लेझर, प्रकाशाच्या वाटा आणि प्रकाश टिपणारा भाग नखाएवढ्या चिपवर बसवताहेत. याला एकात्मिक फोटॉनिक्स म्हणतात. सुटे भाग धक्क्यानं हलतात, चिपवरचे हलत नाहीत. यात लेझरची वारंवारिता एकसारखी वाढवत नेतात. परतलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळला की ठोके पडतात. अंतर जास्त, तर ठोके जलद. वाढ एकसारखी झाली नाही तर माप बिघडतं. त्यासाठी चिपवरच ठरलेल्या लांबीची एक गुंडाळलेली वाट ठेवतात, दुकानातला काटा तपासायच्या प्रमाणित वजनासारखी. चिपही तापते, तेव्हा तिचं तापमान सांभाळावं लागतंच. सध्या हा खटाटोप मुख्यतः गाड्यांच्या सेन्सरसाठी चाललाय.

पण धुऱ्याचं भांडण मिलिमीटरचं नसतं, हातभर-दोन हात जमिनीचं असतं. मशीन अंतर सांगते. हद्द जुन्या नकाशावरून आणि जागेवरच्या खुणांवरून जुळवतात. ट्रॅक्टरनं दगड उखडला असेल तर चिप काय करणार? मोजणीच्या दिवशी भूकरमापकानं कोणता दगड आधाराला धरला ते तिथंच विचारा आणि नकाशाची 'क' प्रत घ्यायला विसरू नका.