पंचगंगा घाटावरून पहिली नौकाफेरी

वाराणसीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि शहराचे सगळे घाट तिच्या पश्चिम काठावर, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहेत. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर येतो. त्यामुळे तिकडचे पात्र खोल राहते आणि समोरच्या पूर्व काठावर वाळू साठते. पंचगंगा घाटावर नाव थेट पायरीला लागते ती यामुळेच, आणि त्याच पायरीवरून पाय घसरला तर खाली लगेच खोल पाणी असते. पहिल्यांदा नावेत बसणाऱ्याला इथे कसे न्यायचे, हे बहुतांशी या एका गोष्टीवरून ठरते.

काशीयात्रेला आलेल्या मराठी माणसासाठी पहिल्या फेरीची सुरुवात इथून व्हावी, हे अनेक कारणांनी योग्य आहे. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा यांचा संगम इथे मानला जातो. वर बिंदुमाधवाचे मंदिर आहे, काठावर अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेली ‘हजारा’ नावाची दगडी दीपमाळ आहे, आणि शेजारच्या दुर्गा घाट व ब्रह्मा घाटाच्या गल्ल्यांत मराठी घराण्यांची जुनी वस्ती आहे. शिवाय दशाश्वमेध घाटावरची गर्दी इथे नसते. नवख्या माणसाला सावकाश नावेत चढता येणे फार मोलाचे आहे.

नावा चालवणारे लोक मल्लाह, केवट, निषाद या समाजांतले. नाव वल्हवणे आणि जाळे टाकणे ही दोन्ही त्यांची पिढीजात कामे. १९८९ मध्ये रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे ७ किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य झाला आणि तिथे मासेमारीला मनाई आली. २०२० मध्ये अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. दरम्यान घाटावरच्या कुटुंबांची भिस्त यात्रेकरूंवर वाढत गेली. नदी वाचण्यात मात्र मासे पकडणाऱ्याचीच नजर लागते: भोवरा कुठे आहे, पाण्याखाली गेलेला चबुतरा कुठे आहे, धार कुठे मंद आहे, हे नावाड्याला पाण्याच्या पृष्ठभागावरून कळते.

हंगाम निवडताना घाई करू नये. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या आणि त्यांच्या पोटातल्या नदीकडे उघडणाऱ्या कोठड्या पाण्याखाली जातात. वाराणसीतली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पाणी वाढू लागले की प्रशासन नौकाफेऱ्या बंद करते. कोकणात जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, तसाच हा गंगेवरचा बंदीकाळ. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचा जाड थर राहतो आणि तो पंपाच्या पाण्याने धुऊन काढावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके इतके दाट असते की सूर्योदयाच्या आशेने आलेल्यांना कधीकधी समोरचा काठही दिसत नाही. पहिल्या फेरीला नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चमधली साधी सकाळ सर्वांत चांगली. कार्तिक पौर्णिमेच्या देवदीपावलीचा थाट अपूर्व असतो, पण त्या रात्री नावांची दाटी होते. नवख्यांना, विशेषतः वृद्धांना आणि मुलांना, त्या गर्दीत नेऊ नये.

नाव ठरवताना भाडे, वेळ आणि कुठपर्यंत जायचे हे आधी बोलून घ्यावे. लाइफ जॅकेट अंगावर चढवून त्याचे पट्टे आवळल्याशिवाय पायरी सोडू नये. बाकाखाली ठेवलेले जॅकेट ऐन वेळी कामाला येत नाही. चढताना एकेकाने, नावाड्याचा हात धरून, पाऊल नावेच्या मध्यावर टाकायचे. नावेच्या काठावर पाय दिला की ती कलते आणि पायरीपासून दूर सरकते; एक पाय दगडावर आणि एक नावेत अशा स्थितीत बहुतेक लोक पडतात. बसताना दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे. उभे राहिले की भार वर जातो आणि नावेचा तोल कमी होतो. मणिकर्णिकेचा स्मशानघाट दिसताच सगळे एका बाजूला झुकतात, आणि हा सर्वांत धोक्याचा क्षण असतो. चांगला नावाडी तो येण्याआधीच सर्वांना जागेवर बसून राहायला सांगतो.

वल्ह्याच्या नावेने आधी प्रवाहाविरुद्ध, दक्षिणेकडे जावे. अंगात जोर असतो तेव्हा चढाचे काम उरकते आणि परतताना धार मदत करते. बांबूच्या दांड्याला फळी जोडलेली लांब वल्ही हाणत नावाडी काठाला धरून चालतो, कारण तिथे ओढ कमी असते. परतीला तो नाव मध्याकडे घेतो. वाटेत राम घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, आणि शिंदे घाटाजवळचे कललेले रत्नेश्वर मंदिर लागते. उजव्या हाताला घाट आणि डाव्या हाताला उगवता सूर्य असा हा रस्ता आहे. मणिकर्णिकेसमोर चिता जळत असतात; तिथे छायाचित्रे काढू नयेत.

समुद्रात नवख्याला मळमळते ते सततच्या हेलकाव्याने. गंगेत तसे क्वचितच होते. इथे त्रास देतात त्या शेजारून जाणाऱ्या मोटारबोटींच्या लाटा. अशी लाट आली की नावाडी नावेचे तोंड तिच्याकडे वळवतो. आडव्या अंगावर घेतलेली लाट नावेला जास्त हलवते. प्रवाशांनी फक्त बसून राहावे आणि हात नावेबाहेर काढू नयेत, कारण दोन नावा घासल्या तर बोटे चिरडतात.

उतरताना नाव पायरीला बांधली जाईपर्यंत कोणी उठू नये. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. जॅकेट कोरड्या पायरीवर पोचल्यावरच काढावे. पहिली फेरी तासाभराची पुरे. पाण्याची भीती गेली की दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेने, १८८७ च्या मालवीय पुलाखालून आदिकेशव घाटापर्यंत जाता येते, जिथे वरुणा गंगेला मिळते.