परिचारिकांच्या मनाचीही पूर्वतयारी हवी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींना अर्पण केले होते. त्याच वर्षी ११ मार्चला कोविड-१९ ही महासाथ जाहीर झाली आणि या वर्गाची कसोटी लागली.

ताणाचे स्वरूप मात्र शहरात आणि खेड्यात वेगळे होते. मुंबई-पुण्याच्या अतिदक्षता विभागांत पीपीई किट घालून तासन्‌तास उभे राहणे, डोळ्यांदेखत होणारे मृत्यू आणि घरी संसर्ग नेण्याची भीती, असा तिहेरी भार होता. खेड्यात उपकेंद्रामागे सपाट भागात ५ हजार, तर डोंगराळ व आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्या असा निकष आहे. तेथील आरोग्यसेविकेला बाळंतपण आणि लसीकरण सांभाळून सर्वेक्षणही करावे लागले. डॉक्टर बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रातच असल्याने अनेक निर्णयांचा भार तिच्यावरच पडे.

२०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांना गंभीर दुखापत करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही दूरध्वनी सेवा सर्वांसाठी सुरू झाली. परंतु कायदा आणि दूरध्वनी यांनी थकवा उतरत नाही. राखीव मनुष्यबळ, ठरलेली विश्रांती आणि विश्वासाने बोलता येईल असा वरिष्ठ, ही व्यवस्था साथ येण्यापूर्वीच उभी राहिली पाहिजे.